कुणाचं पोरगं आहे हे?

प्रिय अक्का,

पत्र लिहायची ही कल्पना माझी नाही, सुनीताची आहे. परवा जेवताना मी तिला रविवारचं सगळं सांगायला बसलो. अर्धं तिने ऐकून घेतलं. मग हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाली, "हे मला नका सांगू. अक्कांना सांगा." आणि उठून गेली. पाणीसुद्धा प्यायली नाही.

आता तुला कुठे गाठू मी? तुला जाऊन तीन महिने झाले. हॉलमध्ये तुझा फोटो लावलाय, पण त्याच्यासमोर उभं राहून बोलायची माझी छाती नाही. फोटोत तू अशी रोखून बघतेस की जणू आत्ता विचारशील, "इल्या, काय करून आलास?" लहानपणी तुझ्या त्या एका प्रश्नाने मी घडाघडा सगळं ओकायचो. तेव्हा कागदच बरा. लिहिताना तरी खाली मान घालून बसता येतं.

आधीच सांगतो, मी फार वाईट वागलो गं. "चुकलं" वगैरे म्हणून भागणार नाही असं वागलो.

तुला माहीत आहे, ओमला चार माणसांत न्यायचं म्हटलं की मी काहीतरी काम काढतो. तेरा वर्षांचा घोडा झालाय, ओठावर मिसरूड दिसायला लागलंय, पण तोंडातून शब्द नाही. खूश झाला की हात फडफडवतो, बिनसलं की ओरडतो, आणि त्याचं कधी काय बिनसेल हे मला कधीच कळलं नाही. डॉक्टरांनी ऑटिझम म्हणून सांगितलं तेव्हा मी विचारलं होतं, किती महिन्यांत बरा होईल? आणि तू गावाहून आलीस, त्याला मांडीवर घेतलंस आणि मला विचारलंस, "याला खायला काय आवडतं रं?" मला सांगता आलं नव्हतं.

दाजी गेल्यावर मी तुला इथे घेऊन आलो, तेव्हा सगळ्या नातेवाइकांत माझं नाव झालं. बघा, बहिणीला सांभाळतो! कोण कोणाला सांभाळत होतं ते तुला आणि मलाच माहीत. मी सकाळी सिन्नरला कंपनीत, सुनीता शाळेत शिकवायला, आणि ओम तुझ्याकडे.

कंपनीत मी काय सांगितलं होतं ते तुला कधी बोललो नाही. आता लपवून काय करू? मी सांगितलं होतं, मुलगा हॉस्टेलला असतो, हुशार आहे. हो, हुशार आहे हेसुद्धा सांगितलं होतं! कुणी विचारलंही नव्हतं तेवढं. एकदा सांगितलं आणि मग दरवर्षी त्याला पुढच्या इयत्तेत घालत गेलो, यंदा आठवीत घातलाय.

आणि तुमची ती बाग. जेलरोडच्या आपल्या कॉलनीमागची मोकळी जागा, तिथे नुसतं गाजरगवत आणि लोकांनी टाकलेल्या विटा-फरशांचे तुकडे. तुम्ही सगळ्या बायका शाळेच्या गाडीची वाट बघत तिथे उभ्या राहायच्या, कारण तुमच्या मुलांची शाळा वेगळी, गाडी वेगळी. पलीकडच्या बागेत ही मुलं गेली की बाकीच्या आया आपापली पोरं झोपाळ्यावरून उतरवून घ्यायच्या. सुनीता घरी येऊन रडायची. तू नाही रडलीस. तू म्हणालीस, "झोपाळं त्यांना राहू दे. आपण वांगी लावू."

मला हसू आलं होतं तेव्हा. म्हटलं, अक्काला शेत सुटलं पण शेती सुटली नाही.

पण तुम्ही केलंत की! सानिकाच्या आईने कुदळ धरली, यशच्या बाबांनी पाण्याची लाइन आणली. सानिकाची चाकांची खुर्ची जाईल एवढ्या रुंद वाटा सोडल्यात, तिला बसल्या बसल्या हात घालता यावा म्हणून तिचा वाफा विटा रचून कमरेएवढा उंच केलात. मी हे सगळं कुठून बघितलं? गाडीतून. तुला आणि ओमला फाटकाशी सोडायचो, काच अर्धी खाली, इंजिन चालू. तू दर वेळी म्हणायचीस, "ये की आत, टमाटे बघ." मी दर वेळी म्हणायचो, उशीर होतोय. रविवारी कसला उशीर होतो गं माणसाला? पण तूही कधी माझी कॉलर धरून आत ओढलं नाहीस. एकदा तरी ओढायचं होतंस. मला सगळ्यातून अलगद बाहेर ठेवायची तुझी सवय लहानपणापासूनची.

त्या तुझ्या चिंध्यासुद्धा मी गाडीतूनच बघायचो. जुन्या साड्यांच्या पट्ट्या, लाल, निळ्या, पिवळ्या, काठ्यांना बांधलेल्या. वाटायचं, एखाद्या पिराच्या झाडाला नवसाचं फडकं बांधतात तशी अवस्था करून ठेवली आहे बागेची. कशासाठी बांधतेस, हे तुला एकदाही विचारलं नाही. आता कळलंय. निळी असेल तिथे पाणी घालायचं. लाल असेल तिथे हात लावायचा नाही. पिवळी आली की तोडायचं. रोज संध्याकाळी तू पट्ट्या सोडायचीस आणि कुठे काय तयार झालंय ते बघून नव्या जागी बांधायचीस. ओमला एवढं पुरायचं. ओमलाच कशाला, सगळ्या मुलांना पुरायचं. त्यांच्यातल्या कितीजणांना वाचता येतं?

तू गेल्यावर ते काम सानिकाच्या आईने अंगावर घेतलं. ओमला न्यायचं-आणायचंही तीच करायची. मी फक्त थँक्यू म्हणायचो, फोनवर.

मग एक दिवस तिचाच फोन आला. "ओमचे बाबा, तुमच्या कंपनीकडून पाण्याची टाकी मिळेल का बघा ना. उन्हाळ्यात नळाला पाणी नसतं."

आणि अक्का, मला एकदम स्फुरण चढलं! बाप म्हणून मला तिथे जायचं नव्हतं, पण साहेब म्हणून जायला माझी काय हरकत असणार? मी कंपनीतल्या मोठ्या साहेबांशी बोललो. "सर, आमच्या भागात स्पेशल मुलांसाठी एक उपक्रम आहे, मी जरा मार्गदर्शन करतो." मार्गदर्शन! तुझ्या बागेत कधी पाऊल न ठेवलेला मी. साहेब म्हणाले, रविवारी मिसेसला घेऊन येतो, स्वतः बघतो.

शनिवारी दुपारी मी बागेत गेलो, पहिल्यांदा. कुणी नव्हतं. पलीकडे एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या धूर सोडत होत्या आणि इकडे तुझ्या चिंध्या वाऱ्यावर उडत होत्या. उन्हाने विटलेल्या, काही तर नुसते दोरे उरलेले. मला लाज वाटली. साहेब काय म्हणतील, ही काय भिकाऱ्यासारखी बाग? मी छापून पाट्या करून आणल्या होत्या. पांढऱ्या, गुळगुळीत, वर हिरवी अक्षरं, मराठी आणि इंग्रजीत. वांगी. टोमॅटो. मेथी. मी एकेक पट्टी सोडली, सोडवेना तिथे कात्रीने कापली, आणि सगळ्या एका पिशवीत कोंबून घंटागाडीत टाकल्या. जाताना फोटो काढला. फार छान दिसत होतं, खरंच सांगतो.

त्या तुझ्या साड्या होत्या, हे तेव्हा डोक्यातसुद्धा आलं नाही. त्या पिशवीत तुझी ती ठिपक्यांची निळी होती, जी तू माझ्या लग्नात घरात राबताना नेसली होतीस. डोकं ठिकाणावर नव्हतं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण होतं. मी अगदी विचार करून केलं सगळं.

रविवारी सुनीता तिच्या आईला बघायला निफाडला गेली होती. ओमला मीच घेऊन गेलो. फाटकाशी सानिकाची आई उभी होती. ती आत बघत होती, आणि तिचा चेहरा उतरलेला होता. "पट्ट्या कुठंयत?" तिने विचारलं. मी म्हणालो, "अहो, जरा नीटनेटकं केलंय. साहेब येतायत."  मी ओमचा हात तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "जरा बघाल का? मला पाहुण्यांकडे लक्ष द्यावं लागेल."

दिला बघ असा, पिशवी द्यावी तसा.

साहेब आले, मॅडम आल्या. मी पुढे, ते मागे. मी पाट्या दाखवत होतो. मॅडमने सानिकाच्या उंच वाफ्याचं कौतुक केलं, मी म्हणालो, "हो, ते आम्ही मुद्दाम डिझाइन केलंय." आम्ही! अक्का, त्या विटा तू डोक्यावरून वाहिल्या होत्यास, आणि पाठ धरली म्हणून पुढचे कितीतरी दिवस मला फार्मसीतून मलम आणायला सांगत होतीस.

ओम तिकडे नळापाशी होता. हातात तुझी ती झारी, तेलाच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून केलेली. तो निळं शोधत होता, हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच दिसलं की तो एका वाफ्याजवळ जातो, पाटीपुढे उभा राहतो, परत येतो, दुसरीकडे जातो. मग त्याचा तो आवाज सुरू झाला, घशातला, बारीक. मी साहेबांना घेऊन उलट्या दिशेला वळलो, आपल्या पोराचा आवाज ओळखून!

मग त्याने झारी खाली ठेवली आणि तो सानिकाच्या वाफ्याकडे गेला. तिथे लाल नव्हतं ना. त्याला थांब म्हणणारं काहीच नव्हतं. त्याने टोमॅटो तोडले, हिरवेगार, कच्चे, सगळे, एकही न ठेवता. शर्टाची ओटी केली आणि तीत भरले. यश ओरडत होता, "ओम नको, ओम नको!" पण ओम शहाण्यासारखा तोडत होता. मग ओटी सांभाळत वाटेवरून चालत आला, साहेबांना ओलांडून, सरळ माझ्याकडे. तोडलेलं घरच्या माणसाला आणून द्यायचं, असं तूच शिकवलेलं. तुला द्यायचा. तू नाहीस, म्हणून माझ्याकडे आला. इतक्या माणसांत त्याला बरोब्बर मी सापडलो.

टोमॅटो माझ्या बुटांवर घरंगळले. त्याने माझी बाही धरली. पांढरा शर्ट, इस्त्रीचा, आणि त्याची चिखलाची बोटं.

साहेबांनी विचारलं, "कुणाचा मुलगा आहे हा?"

रागाने नाही विचारलं गं. चांगलं, प्रेमानेच विचारलं.

तुमच्या बागेचा तो एक नियम आहे ना, तो मला तेव्हा माहीतसुद्धा नव्हता. यशने एकदा शेजारच्या बंगल्यातली जास्वंद ओरबाडली होती, आणि ते गृहस्थ फाटकाशी येऊन ओरडले होते, "कुणाचं पोरगं आहे हे?" यशची आई दळण आणायला गेली होती. तू पुढे झालीस आणि म्हणालीस, "माझं हाय. बोला." तेव्हापासून ठरलं, कुणी असं विचारलं की जवळ जो उभा असेल त्याने म्हणायचं, माझं आहे. मग ते कुणाचं का असेना. त्या प्रश्नाला एकट्याने तोंड देऊन देऊन तुम्ही सगळ्याजणी विटला होतात. हे मला नंतर यशच्या बाबांनी सांगितलं.

पण नियम माहीत नसला म्हणून काय? माझ्या तर स्वतःच्या पोराबद्दल विचारत होते!

मी बाही सोडवून घेतली. हळूच, एकेक बोट सोडवून. आणि हसलो. म्हणालो, "असतात सर इथे अशी मुलं."

 सुनीतापुढे इथवरसुद्धा पोचलो नव्हतो, म्हणून लिहून टाकतो. असतात सर इथे अशी मुलं. हे मी म्हणालो, ओमचा हात माझ्या बाहीवर पुन्हा येत असताना.

  मग मागून सानिकाची आई आली, खाली पडलेले दोन टोमॅटो उचलले, ओमच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "माझा आहे साहेब."

तिच्या पोरीचे टोमॅटो होते ते, अक्का. खुर्चीत बसून त्या पोरीने एका हाताने वाढवलेले.

मॅडमचे डोळे भरून आले. "खुर्चीतली मुलगीही तुमचीच ना? दोन्ही मुलं अशी? धन्य आहे तुमची." सानिकाच्या आईने मान हलवली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. आणि साहेब हसून मला म्हणाले, "तुमच्याशी मात्र गट्टी दिसते त्याची." कारण ओमने बाही पुन्हा धरली होती.

मी काय केलं असेल? मी म्हणालो, "हो सर, चहा घेऊ या."

टाकी मंजूर झाली. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

अक्का, मला सारखा तो खंडूचा माठ आठवतोय. मी चौथीत असेन. बाजाराच्या दिवशी त्याच्या गाडीवरच्या माठाला दगड मारला आणि तो फुटला. "कोणाचं पोर हाय हे?" म्हणून तो माझं बकोट धरून गल्लीभर फिरत होता. दादा घरात होते, बाप असून त्यांनी दार उघडलं नाही. तू आलीस, परकर-पोलक्यातली, शेणाने भरलेले हात, आणि म्हणालीस, "माझं हाय." सगळा बाजार हसला. तू लग्नाचीसुद्धा झाली नव्हतीस आणि म्हणे माझं पोर! पण खंडूने मला सोडलं. मला वाटतं, बागेचा तो नियम तू तिथूनच आणलास. आणि ज्याच्यासाठी पहिल्यांदा म्हणालीस त्याचीच जीभ टाळ्याला चिकटली.

सोमवारी पाच वाजले. ओम झारी घेऊन दारात उभा राहतो ना रोज? राहिला नाही. मंगळवारी सानिकाची आई न्यायला आली, तो तिच्याबरोबर गेला, आणि फाटकापाशी थांबला. आत पाऊल टाकेना. तिथेच जमिनीवर बसला आणि थोड्या वेळाने परत घेऊन आली ती. बुधवारी तेच. त्याच्या जगात तीनच जागा होत्या गं, जिथे तो स्वतःच्या पायाने जायचा. घर, शाळेची गाडी आणि ती बाग. त्यातली एक मी काढून घेतली. आणि तो रागावलाय का, घाबरलाय का, त्याला कळलं का मी काय म्हणालो, हे मला कधीच कळणार नाही. तो सांगणार नाही. मी विचारू कुणाला?

मला कुणी शिव्या घालत नाही, हे तर फारच जड जातंय. सानिकाच्या आईचा फोन येतो, "ओमला पाठवा हां, कुणी रागावलेलं नाही." तिचं नाव काय, हेसुद्धा मला माहीत नाही. फोनमध्ये सगळे तसेच आहेत. सानिकाची आई, यशचे बाबा. बागेच्या ग्रुपवर प्रत्येकाने स्वतःचं नाव तसंच लावलंय. तुझा नंबर अजून आहे तिथे, ओमची आत्या. आणि माझं? मी ग्रुपवर आलो टाकीच्या निमित्ताने. माझं नाव आहे विलास सर.

मग काल तुझी ट्रंक उघडली. सुनीता म्हणत होती, अक्कांच्या साड्या कुणाला तरी द्या. मी चाळत बसलो. लाल इरकली होती, हळदी रंगाची सुती होती, आणि निळी एक, तू दवाखान्यात जाताना नेसलेली. ती मी हातात घेतली. कात्री सापडेना. हाताने फाडायला गेलो तर काठ सुटेना. मग आठवलं, तू दात लावायचीस. मीही लावला. पहिली पट्टी फाटली आणि त्याचा तो लांब आवाज झाला, टर्रर्र.

आतल्या खोलीतून ओम आला.

अक्का, तो पळत आला! दारात उभा राहून बघायला लागला, साडीकडे, मग माझ्या तोंडाकडे, मग पुन्हा साडीकडे. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. मला वाटलं, तुला शोधेल आता खोलीभर, आणि मी काय सांगू त्याला? पण तो समोर बसला, साडीचं दुसरं टोक उचललं आणि ताणून धरून राहिला. माझी वाट बघत. तुम्ही दोघं असंच फाडायचात ना? एक टोक तुझ्या दातात, एक त्याच्या हातात? मला माहीत नव्हतं. मी ओढलं, त्यानेही ओढलं. निळी झाली, मग लाल, मग पिवळी. इरकलीला हात लावताना जीव कचरला, सुनीता दारात उभी होती, तीच म्हणाली, "फाडा."

तू रागावू नकोस. आणि रागावलीस तरी आता उपयोग नाही, फाडल्या.

आज पाच वाजता आम्ही गेलो. गाडी काढली नाही, चालत गेलो. ओम फाटकाशी थांबला. मी ओढलं नाही. मी एकटा आत गेलो. पाट्या उपटल्या. निळी पट्टी नळाला बांधली, आणि मग पुढे काय करायचं ते कळेना. कुठे पाणी हवंय, काय तयार आहे, मला काय कळतंय? सानिकाची आई आली. मी म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी मी..." तिने हात वर केला. "आधी ती लाल इकडं बांधा, नवीन रोपांना. पोरं येतायत. मग बोलू." तिने सांगितलं तिथे बांधत गेलो. गाठ सैल पडली की पुन्हा बांधायला लावत होती.

तेवढ्यात यशने पाइप फिरवला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एका स्कूटरवाल्याला आंघोळ घातली. तो थांबला, फाटकाशी येऊन ओरडला, "कुणाचं पोरगं आहे हे?"

जवळ मीच होतो. "माझं आहे," म्हणालो. "सॉरी, पाणीच आहे हो, वाळेल." तो पुटपुटत गेला. यश खिदळत सुटला, "काका, मी तुमचा? मी तुमचा?"

किती सोपं होतं ते! आणि तिथेच मला रडू फुटलं, त्या सगळ्या बायकांसमोर. दुसऱ्याच्या पोराला माझं म्हणताना जीभ जराही अडखळली नाही. आपल्याच पोराला म्हणताना का अडखळावी? बाप असण्यात असं काय होतं, ज्याची मला इतकी लाज वाटत होती? याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर स्वप्नात येऊन सांग. 

ओम फाटकातून बघत होता. तो आत आला नाही. मी बाहेर गेलो आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसलो.  मग त्याने माझी बाही धरली. तीच, उजवी. धरून बसला. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच होतो, आत सगळ्या मुलांनी निळ्यापाशी पाणी घातलं, पिवळ्यापाशी भेंडी तोडली, आणि सानिकाने तिच्यातली दोन ओमच्या झारीत आणून टाकली.

उद्या पुन्हा जाऊ. परवा पुन्हा. आत कधी जाईल ते त्याचं तो ठरवेल.

पुढच्या महिन्यात साहेब टाकी द्यायला येणार आहेत. मी तुला शब्द देतो, तोवर वाट बघणार नाही. सोमवारी कंपनीत जाऊन त्यांच्या केबिनमध्ये उभा राहीन आणि सांगेन, सर, माझा मुलगा हॉस्टेलला नाही, आठवीत नाही. त्या दिवशी टोमॅटो घेऊन आला तो माझा. त्यांना काय वाटेल ते वाटू दे. घाम फुटेल मला, माहीत आहे, पण सांगेन. आणि ओमने बाही धरली की पुन्हा सोडवून घेणार नाही, मग समोर कुणीही असो. संध्याकाळच्या पट्ट्याही मीच बांधीन. गाठ अजून सैल बसते. शिकेन.

ग्रुपवरचं नाव बदललंय मघाशी. सुनीताला दाखवलं. तिने मला ताट वाढलं आणि समोर बसून राहिली.

तुझा इल्या,
म्हणजे

ओमचे बाबा